नापसंत : पुण्यातील एक नाटक आणि १२४ वर्षांची प्रतीक्षा

#थ्रेड #पुण्याचा_इतिहास

१/२२
सन १८५५. पुण्यातील एका अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने एक छोटे गद्य नाटक लिहिले आणि ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या सरकारी समितीकडे पाठवले. समितीने ते नापसंत केले. ते नाटक छापून वाचकांसमोर आले १९७९ साली, म्हणजे तब्बल १२४ वर्षांनी. लेखक होते जोतीराव फुले आणि नाटक होते ‘तृतीय रत्न’. एखादी कृती कलाकृती आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि त्या निवाड्याची किंमत कोण मोजतो, याची ही पुण्यातलीच गोष्ट.

२/२२
या गोष्टीचा आरंभ नाटकाच्या बराच आधी, दक्षिणेपासून होतो. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत. १७३१ च्या डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. श्रावण आला की देशोदेशीचे शास्त्री, वैदिक आणि याचक पुण्याकडे निघत. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या रमण्यात हजारोंना दक्षिणा वाटली जाई.

३/२२
सरसकट वाटपाबरोबर विद्वानांची परीक्षाही होई. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांत कोणाची किती गती आहे ते पाहून रक्कम ठरे. विद्येचे मोल रुपयांत ठरवणारी ही पुण्यातील जुनी आणि मोठी व्यवस्था होती. येथे मिळालेल्या मानावर शास्त्र्याची प्रतिष्ठा अवलंबून असे. परीक्षेचा विषय मात्र नेहमी संस्कृत विद्या हाच असे आणि परीक्षार्थी ब्राह्मण पुरुषच असत.

४/२२
या व्यवस्थेतील सचोटीची एक आठवण प्रसिद्ध आहे. दक्षिणा वाटताना रामशास्त्री प्रभुण्यांचे भाऊ समोर आले. ते फारसे शिकलेले नव्हते. नाना फडणविसांनी शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून वीस रुपये सुचवले. रामशास्त्री म्हणाले, इतरांप्रमाणे दोनच द्यावेत, भाऊ म्हणून जे द्यायचे ते मी माझ्या पदरचे देईन. निवाडा किती निःपक्षपाती असू शकतो याचे हे उदाहरण आहे. मात्र तो निःपक्षपातीपणा रमण्याच्या दारातून आत आलेल्यांपुरता होता. दाराबाहेर असलेल्यांची परीक्षाच होत नव्हती, मग तिच्यात अन्याय झाला असे तरी कोण म्हणणार?

५/२२
१८१८ मध्ये पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, कारण नव्या सत्तेला पुण्यातील ब्राह्मणवर्ग दुखवायचा नव्हता. पुढे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिनच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. सत्ता बदलली आणि वाटपाचे स्वरूपही हळूहळू बदलले, परंतु विद्या म्हणजे संस्कृत विद्या, ही व्याख्या बराच काळ तशीच राहिली.

६/२२
या व्याख्येलाच १८४९ मध्ये आव्हान मिळाले. ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्या विचाराची मंडळी यांनी सरकारकडे मागणी केली, की दक्षिणेच्या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. आज ही मागणी साधी वाटते. त्या काळच्या पुण्यात तिचा अर्थ असा होता, की बाजारात, शेतात आणि माजघरात बोलली जाणारी भाषासुद्धा विद्येची भाषा होऊ शकते.

७/२२
सनातनी मंडळी खवळली. ब्राह्मणांच्या हक्काचा पैसा प्राकृत लिखाणाला द्यायचा, हा त्यांच्या दृष्टीने अधर्म होता. अर्ज करणाऱ्यांना दहशत घालण्याचे प्रयत्न झाले. त्या वेळी सुधारकांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. मराठी ग्रंथांना बक्षीस मिळावे म्हणून झालेल्या संघर्षात, पुढे ज्याचे नाटक नापसंत होणार होते, तो लेखकच पाठीराखा होता.

८/२२
सरकारने मागणी मान्य केली. १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटीचे काम सुरू झाले. मराठीत ग्रंथ लिहावा, कमिटीकडे पाठवावा, परीक्षकांना पसंत पडल्यास बक्षीस मिळवावे, अशी पद्धत होती. मराठी वाचकवर्ग अजून लहान होता आणि छपाई महाग होती. म्हणून अशा बक्षिसावर केवळ लेखकाचा मान अवलंबून नव्हता. पुस्तक छापले जाईल की हस्तलिखितच राहील, हे बहुधा तेथेच ठरे. कमिटीत युरोपीय अधिकारी होते आणि त्यांच्या शेजारी एतद्देशीय विद्वान. हे विद्वान आले कोठून? बहुतांशी त्याच जुन्या शास्त्रीवर्गातून.

९/२२
त्या दशकात ‘चांगली मराठी’ कशी असावी, हेही पुण्यात ठरत होते. मेजर थॉमस कँडी यांच्या हाताखालून पाठ्यपुस्तकांची भाषा जात होती. १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांची पद्धत मराठीत रूढ करण्यासाठी पुस्तिका लिहिली. १८५३ मध्ये कृष्णशास्त्री राजवाड्यांचा ‘अलंकारविवेक’ आला. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोल्यांनी प्राचीन मराठी कवितेचे वेचे निवडून ‘नवनीत’ सिद्ध केले आणि पुढे पिढ्यानुपिढ्या शाळांतून मराठी कविता म्हणजे ‘नवनीत’ असे समीकरण झाले. कोश, व्याकरण, अलंकारशास्त्र, वेचे असे अभिरुचीचे सगळे सामान एका दशकात मांडले जात होते.

१०/२२
याच काळात, याच शहरात दुसरी एक मराठी लिहिली जात होती. १८४८ मध्ये भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला, तो मेजर कँडींच्या हस्ते. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फुल्यांच्या शाळेतील मांग समाजातील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखावरील तो निबंध आज मराठी गद्याच्या इतिहासात मानाने वाचला जातो. शिक्षक फुल्यांचा सरकारने गौरव केला होता. नाटककार फुल्यांची परीक्षा अजून व्हायची होती.

११/२२
‘तृतीय रत्न’चे कथानक थोडक्यात असे. एका कुणब्याच्या घरी जोशी येतो. घरात गरोदर स्त्री आहे. पोटातल्या बाळावर ग्रहाचे संकट आहे, असे सांगून तो तिला घाबरवतो. मग अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, त्यासाठी कर्ज अशी साखळी सुरू होते. भोळे दांपत्य पुरते नागवले जाते. पुढे एका पाद्र्याशी संवाद घडतो आणि हळूहळू नवराबायकोच्या ध्यानात येते, की आपण फसलो ते अक्षरशत्रू असल्यामुळे. शेवटी दोघेही फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करतात. शीर्षकातील ‘तिसरे रत्न’ म्हणजे विद्येचा तिसरा डोळा, असा अर्थ सामान्यतः लावला जातो.

१२/२२
या नाटकातील सर्वांत चतुर योजना म्हणजे विदूषक. संस्कृत नाटकात विदूषक हा राजाचा मित्र, खादाड आणि परंपरेने ब्राह्मण. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या वळणाच्या आख्यानी नाटकांतही सूत्रधाराबरोबर विदूषक येई आणि हशा पिकवी. फुल्यांनी हेच पात्र उचलले आणि त्याला वेगळेच काम दिले. त्यांचा विदूषक प्रसंग मध्येच अडवतो आणि जोशाच्या गोड बोलण्यामागचा हिशेब प्रेक्षकांपुढे उघडा करतो. ज्या पात्राने पोटभर जेवून यजमानाची करमणूक करायची, तेच येथे जेवणावळीचा खर्च कोणाच्या डोक्यावर बसला ते सांगते.

१३/२२
समितीने नाटक नापसंत का केले? याची साक्ष फुल्यांनी स्वतः १८७३ मधील ‘गुलामगिरी’त दिली आहे. तिचा आशय असा, की १८५५ मध्ये रचलेले आपले छोटे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीला अर्पण केले होते. परंतु तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय गृहस्थांचे काही चालले नाही आणि पुस्तक नापसंत ठरले. ही वादीची बाजू आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही एक गोष्ट उघड आहे. ज्या वर्गाच्या आचरणाचे चित्र नाटकात होते, त्याच वर्गातील विद्वान त्या चित्राचे परीक्षक होते.

१४/२२
परीक्षकांच्या बाजूनेही विचार करून पाहावा. नाटकात पात्रे वाद घालतात, युक्तिवाद लांबतो, शेवटी लेखकाच्याच शाळेची वाट दाखवली जाते. हे नाटक आहे की प्रचारपुस्तिका, असा प्रश्न एखाद्या प्रामाणिक रसिकालाही पडू शकतो. पण ही कसोटी सगळीकडे सारखी लागली का? १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले. जरठ-बालाविवाहाच्या दुष्ट चालीवर ते उघड प्रहार करते, आणि मराठी रंगभूमीचे भूषण म्हणून ते आजवर गौरवले गेले आहे. सामाजिक हेतू असणे हा कलेतील दोष मानला, तर तो दोन्हीकडे मानावा लागेल.

१५/२२
मग शास्त्राची कसोटी लावली तर? संस्कृत नाट्यशास्त्रात ‘नाटक’ या प्रकाराचा नायक ख्यातनाम, बहुधा राजकुळातला हवा. कुणबी आणि त्याची बायको तेथे बसत नाहीत. पण त्याच शास्त्रात ‘प्रहसन’ नावाचा प्रकार आहे. ढोंगी तापस, लबाड ब्राह्मण, दांभिक भिक्षू यांची टर उडवणे हेच त्याचे प्रयोजन. म्हणजे जोशाच्या लबाडीवर हसण्याची जागा शास्त्रानेच राखून ठेवली होती. शास्त्र मोठे होते, ते वापरणारांची छाती लहान पडली. संस्कृत प्रहसनात जे खपते, तेच मराठीत, एका माळ्याच्या लेखणीतून, सरकारी बक्षिसासाठी आले की खपत नाही.

१६/२२
त्यानंतरच्या वर्षांत काय पसंत पडत गेले, तेही पाहावे. परशुरामतात्या गोडबोले आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांच्यासारख्या विद्वानांनी ‘वेणीसंहार’, ‘मृच्छकटिक’, ‘मुद्राराक्षस’ अशी संस्कृत नाटके मराठीत आणली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. पुराणकथेबाहेरचे स्वतंत्र मराठी नाटक म्हणून त्याचा पुढे दीर्घकाळ गौरव झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या कृती थोर आहेत, त्यांचे ऋण मराठीवर आहे. पण या मालिकेत कुणब्याचे घर कोठेच नाही.

१७/२२
फुल्यांनी मात्र समितीचा नाद सोडून दिला. काही वर्षांनी, १८६९ मध्ये, शिवाजीराजांवरचा त्यांचा पोवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ ही पुस्तके निघाली. पोवाडा हा शाहिराचा, डफ-तुणतुण्याचा प्रकार. विद्वानांच्या ग्रंथाला शोभेल असा तो मानला जात नव्हता. फुल्यांनी तोच निवडला, कारण त्यांना ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते, त्यांना पोवाडा ऐकायचा कसा हे कोणी शिकवावे लागत नव्हते.

१८/२२
नकाराची भाषाही काळाबरोबर बदलली. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठी गद्याला तिने दिलेले तेज निर्विवाद आहे. तिच्यात शास्त्रीबुवांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तो भाषेच्या आणि व्याकरणाच्या अंगाने, जहाल उपहास करून. आशयाशी झुंजण्याआधी लेखकाचे शुद्धलेखन तपासायचे, ही मराठी समीक्षेतील सवय तेव्हापासूनची म्हणता येईल. व्याकरण ही वाईट कसोटी नव्हे. पण ज्याच्या घरी शतकानुशतके पाटी आली नाही, त्याच्या पहिल्या ग्रंथाला ती पहिली कसोटी म्हणून लावणे हा तटस्थ निवाडा ठरत नाही.

१९/२२
११ मे १८७८ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजचे साहित्य संमेलन आपली परंपरा तेथूनच सांगते. १८८५ मध्ये पुण्यातच दुसरी सभा झाली आणि अध्यक्ष होते ‘अलंकारविवेक’कार कृष्णशास्त्री राजवाडे. फुल्यांनाही बोलावणे गेले. त्यांनी पत्र लिहून ते नाकारले आणि ते पत्र ‘ज्ञानोदय’ने छापले. त्यांचे म्हणणे असे होते, की जे ग्रंथकार सर्व माणसांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमचा विचार आता आम्हीच केला पाहिजे. तीस वर्षांपूर्वी समितीने लेखकाला नापसंत केले होते. आता लेखकाने सभेला नापसंत केले.

२०/२२
या नापसंतीची किंमत मात्र मोठी होती. नाटक रंगभूमीवर वाढते. प्रयोग होतात, नट चुका दाखवतात, प्रेक्षक कंटाळले की लेखक छाटतो आणि पुढचे नाटक बेतीव होते. ‘तृतीय रत्न’ला यांतले काहीच मिळाले नाही, आणि फुल्यांनी पुढे लिहिले ते पोवाडे, अखंड आणि गद्य ग्रंथ. सत्यशोधक चळवळीने पुढे तमाशाचा बाज घेऊन जलसे उभे केले आणि त्यातून आंबेडकरी जलशांपर्यंतची मोठी परंपरा घडली. त्या जलशांचे परीक्षक गावोगावच्या पारावर बसलेले श्रोते होते. पण त्यांना आपल्या या पूर्वजाची संहिता छापील रूपात वाचायला मिळाली नाही.

२१/२२
१९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ संपादित केले. त्या पहिल्या आवृत्तीतही हे नाटक नव्हते. १९७९ मध्ये ‘पुरोगामी सत्यशोधक’ने ते छापले आणि त्यानंतर समग्र वाङ्मयाच्या पुढील आवृत्त्यांत त्याला स्थान मिळाले. मग नाट्येतिहासाची मांडणीच हलली. ‘थोरले माधवराव पेशवे’च्या सहा वर्षे आधी, समकालीन जीवनावरचे, गद्य, सामाजिक मराठी नाटक लिहिले गेले होते, हे मान्य करावे लागले. आज अभ्यासक ‘तृतीय रत्न’ला आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभस्थानी ठेवतात. संहितेतील एक शब्दही बदललेला नाही. बदलले ते वाचणारे.

२२/२२
२०१२ मध्ये पुण्यात गो. पु. देशपांडे यांचे फुल्यांच्या जीवनावरील ‘सत्यशोधक’ हे नाटक अतुल पेठे यांनी रंगमंचावर आणले. त्यात भूमिका केल्या पुणे महानगरपालिकेतील कामगारांनी. शहर रोज झाडणारी माणसे त्याच शहराच्या रंगमंचावर उभी राहून बोलत होती. परीक्षण थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, कारण चांगले-वाईट न निवडणारी अभिरुची कसली? पण रामशास्त्र्यांच्या सचोटीला जी गोष्ट पुरी पडली नव्हती, ती प्रत्येक परीक्षकाने लक्षात ठेवावी. समोर आलेल्यांना सारखे मोजले म्हणजे न्याय पूर्ण होत नाही. रमण्याच्या दारात कोण अडवला गेला, हेही विचारावे लागते.

(समाप्त)